फिल्टर कोणता घ्यावा? भाऊ, आधी डब्याखालचं रबर बसवा

प्रश्न : माझे दोन टिपर आहेत. वणी भागातल्या खाणींतून रेल्वे सायडिंगपर्यंत कोळसा, आणि अधूनमधून गिट्टी-मुरूम अशी वाहतूक असते. जुना टिपर 2015चा, दुसरा 2021चा, बीएस-6. जुन्याचं इंजिन दीड वर्षापूर्वी लायनर-पिस्टनसकट पूर्ण केलं, तरी आता तो पुन्हा ऑइल मागायला लागला आहे. हवेचा फिल्टर आठ-दहा दिवसांत चोक होतो, म्हणून ड्रायव्हर दर तिसऱ्या दिवशी पंक्चरच्या दुकानात हवा मारून घेतो. मध्यंतरी फिल्टरच्या डब्याखालचं रबर फाटलं, तिथे सध्या कापडाचा बोळा आहे. टर्बोच्या पाइपात ऑइल दिसतं. मिस्त्री म्हणतो टर्बो गेला. दुकानदार तीन पर्याय सांगतो : कंपनीचा फिल्टर, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळणारा लोकल, नाहीतर धुऊन पुन्हा वापरायचा कापडी. यातला कोणता घेऊ? दोन्ही गाड्यांना एकच चालेल का? – एक टिपरमालक, वणी

भाऊ, नमस्कार.

तुम्ही फिल्टरबद्दल विचारलंत आणि त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. डब्याखालचं रबर फाटलं आणि तिथे बोळा लावला. तो बोळा निघाल्याशिवाय तुम्ही जगातला सगळ्यात महाग फिल्टर आणून बसवलात, तरी तो दहा दिवसांतच चोक होणार.

त्या रबराचं काम बारकाईने समजून घ्या. तुमच्या टिपरच्या एअर क्लीनरच्या डब्यात हवा सरळ शिरत नाही, कडेने शिरते आणि गोल फिरते. आत तिरप्या पाती असतात किंवा शिरायचं तोंडच तसं आडवं ठेवलेलं असतं. हवा फिरली की जड धूळ बाहेर फेकली जाते, डब्याच्या भिंतीला लागते आणि घसरत खाली येते. खाली ते रबर, बदकाच्या चोचीसारखं, दोन ओठ एकमेकांना चिकटलेले. इंजिन जोरात ओढत असतं तेव्हा आतल्या ओढीने ओठ बंद राहतात. गाडी आयडलला आली किंवा बंद झाली की ते सैल पडतात आणि साठलेली धूळ भुसकन रस्त्यावर पडते. डबा धड असेल तर फिल्टरच्या कागदापर्यंत पोचायच्या आधीच निम्म्याहून कितीतरी अधिक धूळ या वाटेने निघून जाते.

बोळा लावल्यावर ही वाट बंद झाली. धूळ डब्यात साठते, हवा ती पुन्हा उचलते आणि सगळी कागदावर नेऊन घालते. बोळा न लावता भोक उघडं ठेवलं असतं तरी नुकसान तेवढंच. इंजिनाने त्या भोकातूनच, चाकांजवळची धुळकट हवा ओढली असती आणि गोल फिरवायची सोयच निकामी झाली असती. हे रबर थोडक्या पैशांत मिळतं. उद्या सकाळी पहिली ट्रिप भरायच्या आधी ते बसवा. तोंड बरोबर खाली आलं पाहिजे. डबा फिरवून बसवला गेला तर रबर बाजूला तोंड करून राहतं आणि बसवूनही उपयोग होत नाही. दोन्ही गाड्यांच्या ड्रायव्हरना सांगा, रोज सकाळी ते रबर बोटांनी एकदा दाबायचं. ओठाला ओला गाळ चिकटला असेल तर तो पुसायचा. पाच सेकंदांचं काम आहे.

आता हवेचा हिशोब मांडू, कारण त्याशिवाय फिल्टरची किंमत डोक्यात बसत नाही. एक लिटर डिझेलचं वजन साधारण 830 ग्रॅम. ते जाळायला कमीत कमी 12 किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून जास्तच ओढतं. लोडवर धरली तर लिटरमागे 16-17 किलो हवा, म्हणजे 14 हजार लिटरच्या आसपास. तुमचा टिपर दिवसाला 60 लिटर डिझेल पीत असेल तर तो दिवसभरात आठ लाख लिटरच्या वर हवा गिळतो. ती हवा कुठली? खाणीच्या कच्च्या रस्त्यावर पुढच्या टिपरने उडवलेली.

समजा त्या हवेत एका घनमीटरला 50 मिलिग्रॅम धूळ आहे. मी फक्त हिशोबासाठी धरलेला हा आकडा आहे. पुढची गाडी दिसेनाशी होते तेव्हाची धूळ याच्या कितीतरी पट असते. या हिशोबाने दिवसाला 40 ग्रॅम धूळ फिल्टरच्या दारात येते. फिल्टर 99.9 टक्के धूळ अडवणारा असेल तर 300 दिवसांत 12 ग्रॅम आत जाते. 99 टक्केवाला असेल तर 120 ग्रॅम. ऐकायला 99 आणि 99.9 सारखेच वाटतात, आणि इंजिनात दसपट धूळ जाते. चहाचा एक कप भरून धूळ तुम्ही वर्षभरात सिलिंडरमध्ये ओतल्यासारखं झालं. लोकल आणि चांगल्या फिल्टरमधला फरक बहुतेक वेळा दशांश चिन्हाच्या पुढेच असतो, म्हणून डोळ्यांना तो दिसत नाही.

तुमच्या भागाची धूळ आणखी वाईट. कोळशाची भुकटी बारीक असते, ती कागद लवकर बुजवते, पण ती मऊ आहे. इंजिन कापते ती कोळशाच्या वरची माती. वर्धा खोऱ्यातल्या खाणींत कोळशावर वालुकाश्माचे थर आहेत. वालुकाश्म म्हणजे क्वार्ट्झची वाळू, आणि क्वार्ट्झ सुरीच्या पात्यापेक्षा कठीण. हीच माती खाणीच्या रस्त्यावर पसरलेली असते, हजारो चाकांखाली दळून दळून पिठासारखी होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. इंजिनाला मारणारे कण 5 ते 20 मायक्रॉनचे. पिस्टनची रिंग आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रॉनचाच, त्यात असा कण शिरला की तो कानशीसारखा काम करतो.

दीड वर्षापूर्वी काढलेले जुने लायनर मिस्त्रीकडे पडून असतील तर एक बघा. वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग येऊन थांबते, तिथे आतून नख फिरवा. नखाला ठळक पायरी लागली आणि खालचा भाग त्या मानाने चांगला असेल, तर धूळ हवेच्या वाटेने आली होती. ऑइलमधून आलेली धूळ आधी बेअरिंग खाते. हवेतून आलेली वरची रिंग आणि लायनरचा वरचा भाग खाते. हे बघितलंत तर इंजिन पहिल्यांदा कशाने गेलं होतं ते तुम्हाला आजही कळेल. ऑइलचा दोष होता, भेसळ डिझेलचा होता, अशा नुसत्या अंदाजांवर राहायची गरज उरणार नाही.

आता तुमचे तीन पर्याय.

कापडी, धुऊन वापरायचा, तो सोडून द्या. सुती जाळीला तेल लावलेला तो फिल्टर असतो. डांबरी रस्त्यावर हौसेने कार पळवणाऱ्याचं त्यात काही बिघडत नसेल, खाणीच्या टिपरला तो चालत नाही. त्याची जाळी मोकळी असते, बारीक धूळ अडवण्याचं काम त्यावरचं तेल करतं. धुतल्यावर तेल कमी लागलं तर धूळ आत, जास्त लागलं तर तेल आत. तुमच्या बीएस-6 गाडीत हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्या तेलाचा थर त्यावर बसतो, मोजमाप चुकतं आणि डॅशबोर्डवर दिवे लागायला सुरुवात होते. पिकअप वाढतो म्हणून सांगतात. कागदी फिल्टर चोक नसेल तर टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, असलेल्या तुमच्या इंजिनाला लोडवर ढिम्म फरक पडत नाही.

राहिले कंपनीचा आणि लोकल. इथे ‘कंपनीचा’ या शब्दाची फोड करायला हवी. गाडीची कंपनी फिल्टर स्वतः बनवतेच असं नाही. बऱ्याचदा तो फ्लीटगार्ड, डोनाल्डसन, मान, माहले, एलोफिक अशा फिल्टरवाल्यांपैकी कुणाकडून तरी येतो आणि वर गाडीच्या कंपनीचा खोका चढतो. त्याच दर्जाचा माल फिल्टरवाल्याच्या स्वतःच्या खोक्यात बहुतेक वेळा थोडा स्वस्त मिळतो. तुमच्या गाडीच्या पार्ट नंबरला तो नंबर जुळतो हे त्यांच्या कॅटलॉगमध्ये दिसलं, तर निःशंक घ्या. फक्त अधिकृत डीलरकडून, पक्क्या बिलावर. चालणाऱ्या नावांचे नकली खोके बाजारात भरपूर आहेत. जुना खोका विकत घेऊन त्यात लोकल माल भरणारेही आहेत, म्हणून रिकामा खोका दुकानात सोडून येऊ नका. फाडून टाका.

लोकल फिल्टर हातात घेऊन बघितलात तर काही गोष्टी तिथेच कळतात. घड्या मोजा. त्याच मापात घड्या कमी म्हणजे कागद कमी, कागद कमी म्हणजे लवकर चोक. घड्या एकमेकींना चिकटल्या आहेत का, मध्ये कुठे फट पडली आहे का, तेही बघा. चांगल्या कागदावर उठाव दाबलेले असतात, त्यामुळे हवा ओढली गेली तरी घड्या मिटत नाहीत. दोन्ही टोकांना कागद जिथे गमात बसवलेला असतो तिथे सलग गम हवा. बारीक फुगे किंवा मोकळी जागा दिसली तर परत द्या. मग रबराची किंवा फोमसारखी जी सील असते तिच्यात अंगठा रुतवा. ती लगेच मूळ जागी आली पाहिजे. कडक, सालीसारखी सील आठवड्यात बसकी होते.

आणि उंची. लोकल फिल्टर कधी कधी दोन-तीन मिलिमीटर कमी भरतो. झाकण लागतं, क्लिपा बसतात, सगळं ठीक वाटतं, पण फिल्टर आत पुरता दाबला जात नाही आणि सीलच्या कडेने हवा सरळ आत जाते. हवा नेहमी सोपी वाट धरते. कागदातून जायला जोर लागतो, फटीतून लागत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, कागदाच्या आधी सील बघा. साध्या कागदाचा पण घट्ट बसलेला फिल्टर, उत्तम कागदाच्या पण ढिल्या बसलेल्या फिल्टरपेक्षा इंजिनाला जास्त सांभाळतो.

दर्जा तपासायची एक ठरलेली चाचणी आहे, आयएसओ 5011. प्रयोगशाळेत मोजून-मापून धूळ फिल्टरमधून ओढतात, किती अडली आणि किती निसटली याचं वजन करतात. चांगला फिल्टरवाला या चाचणीवरचा आकडा देतो. दुकानदाराला तो विचारा. ‘अहो, सगळे घेतात हाच’ असं उत्तर आलं तर तुम्हाला काय समजायचं ते समजेल.

कोळशासाठी एक वरची जात मिळते, नॅनोफायबरची. साध्या कागदावर अतिशय बारीक धाग्यांचा पापुद्रा दिलेला असतो. बारीक भुकटी कागदाच्या आत न रुतता वरवर अडते, त्यामुळे फिल्टर जास्त टिकतो. तुमच्या कामाला ती योग्य आहे. पण त्यात हवा मारलीत तर तो पापुद्रा फाटतो आणि जास्तीचे दिलेले पैसे गेले.

इथून मी त्या पंक्चरच्या दुकानाकडे वळतो, कारण माझ्या मते तुमच्या इंजिनाचं खरं नुकसान तिथे झालंय.

गॅरेजात शिकत होतो तेव्हा मीही फिल्टर टायरवर आपटून झटकायचो, वर हवा मारायचो आणि मालकाला सांगायचो, नव्यासारखा झाला. सगळेच तसं करत. आमच्या हाताखालून गेलेल्या काही इंजिनांचं आयुष्य त्याने कमी झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. कागदी फिल्टर नवा असताना सगळ्यात कमी धूळ अडवतो. थोडी धूळ बसली की ती धूळच पुढच्या धुळीला अडवायला लागते, कागदावर एक थर तयार होतो आणि फिल्टर दिवसेंदिवस चांगला होत जातो. हवा जायला थोडा जोर लागतो, एवढंच. तुमचा ड्रायव्हर दर तिसऱ्या दिवशी तो थर उडवतो. म्हणजे तुमची गाडी कायम फिल्टरच्या सगळ्यात वाईट दिवसांत चालते.

शिवाय पंक्चरवाल्याची हवा. टाकीत शंभर-सव्वाशे पौंडांच्या वर दाब असतो, नोझल कागदाला टेकवून मारतात. कागदाचे धागे सरकतात, भोकं मोठी होतात. काही जण फिल्टरच्या आत बल्ब धरून उजेड दिसतो का बघतात. मोठं छिद्र असेल तर दिसेल. दहा मायक्रॉनची फट कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. आणि फिल्टर दर वेळी काढताना डब्याच्या काठावरची धूळ आतल्या, स्वच्छ बाजूच्या पाइपात पडते. वर्षातून शंभर वेळा उघडलेला डबा म्हणजे शंभर वेळा सांडलेली धूळ. रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून काढतात, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

मग बदलायचा कधी? त्यासाठी गाडीतच मोजमाप दिलेलं असतं. डब्यावर किंवा त्यापुढच्या पाइपावर पारदर्शक टोपीचा छोटा इंडिकेटर असतो, फिल्टर चोक झाला की त्यात लाल पट्टी वर येते. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लागतो. हवेची ओढ पाण्याच्या उंचीत मोजतात; बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांना ओढीची मर्यादा पाण्याच्या 25 इंचांच्या, म्हणजे 635 मिलिमीटरच्या आसपास असते. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात बघा. लोडवर चढाला गाडी ओढत असताना पट्टी वर जाते आणि तिथेच अडकून राहते, म्हणून संध्याकाळी गाडी उभी करताना बघितली तरी कळतं. लाल झाली तर बदला, नाहीतर हात लावू नका. लाल झालीच नाही तर पुस्तकात दिलेल्या तासांना किंवा किलोमीटरला. इंडिकेटर फुटलेला असेल तर नवा बसवा. माझ्या अनुभवात खाणीतल्या दहा टिपरपैकी निम्म्यांचा इंडिकेटर मेलेला असतो, आणि मग मालक तारखेवर आणि ड्रायव्हर अंदाजावर चालतो.

आतल्या छोट्या फिल्टरबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून मला शंका येते. मोठ्या फिल्टरच्या पोटात दुसरा, पातळ फिल्टर असतो. मोठा फाटला किंवा बदलताना धूळ उडाली तर इंजिन वाचावं म्हणून तो आहे. ‘याच्यामुळे गाडीला ओढ मिळत नाही’ म्हणून तो काढून टाकणारे मिस्त्री मी बघितलेत. तुमच्या जुन्या टिपरमध्ये तो आहे का, हे उद्याच बघा. असेल तर त्याला हवा मारायची नाही, झटकायचा नाही, धुवायचा नाही. मोठा फिल्टर दोन-तीनदा बदलला की हा एकदा बदलायचा, नेमकं किती वेळा ते पुस्तकात दिलेलं असतं. हा काळा झालेला दिसला तर मोठ्यातून किंवा त्याच्या सीलमधून धूळ येते आहे. तेव्हा नुसता हा बदलून गप्प बसू नका.

एक किस्सा सांगतो, यातलं बरंच काही त्यात आलंय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक टिपर आला. इंजिन करून वर्ष पुरं व्हायचं होतं आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, भकाभका धूर. मालक रागावलेला, पहिल्या मिस्त्रीने रिंगा नकली टाकल्या असं त्याचं म्हणणं. फिल्टर उघडला तर नवाकोरा, कंपनीचा, आतला छोटाही जागेवर. बाहेरून एकही चूक नाही. मी फिल्टर आणि टर्बोच्या मधला रबरी पाइप काढला आणि आत बोट फिरवलं. बोटाच्या टोकाला विटकरी रंगाचा लेप आला, कुंकू भिजवल्यासारखा. टर्बोच्या पात्यांच्या कडा बोथट झालेल्या. पाइप उलटसुलट केला तरी चीर काही दिसेना. मग क्लिप पूर्ण काढून पाइप वाकवला, तेव्हा क्लिपच्या बरोबर खाली अर्ध्या गोलाला चीर उघडली. क्लिप जास्त आवळून आवळून रबर कापलं गेलं होतं. चढाला इंजिन ओढायला लागलं की ती चीर तोंड उघडायची आणि फिल्टर नसल्यासारखी धूळ आत जायची. पहिल्या मिस्त्रीची काही चूक नव्हती. त्या मालकाचे दोनदा इंजिनाचे पैसे गेले ते त्या एका पाइपासाठी.

म्हणून फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप काढून, वाकवून बघा. नुसतं बाहेरून बघून उपयोग नाही. बऱ्याच ट्रकांत याच पाइपातून एक बारीक नळी ब्रेकच्या कॉम्प्रेसरकडे जाते. ती निसटली असली तर बिनफिल्टरची हवा इंजिनात आणि कॉम्प्रेसरमध्येही. आत पांढरं फडकं फिरवा. फडकं स्वच्छ निघालं पाहिजे. शंका राहिली तर स्वच्छ बाजूच्या पाइपाच्या आतल्या भिंतीला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, बोटाने पुसून उरेल तेवढाच, आणि दोन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा. उघडल्यावर ग्रीसला वाळू लागलेली दिसली तर फिल्टरच्या सीलपासून तिथपर्यंत कुठेतरी गळती आहे. केबिन आणि चासी यांच्यामध्ये हवेच्या वाटेवर घडीघडीचं रबर असतं, केबिन उचलताना ते सुटतं. तेही बघा. ते फिल्टरच्या आधी असल्यामुळे इंजिन लगेच मरत नाही, पण उंचावरची बरी हवा सोडून गाडी चाकाजवळची धूळ ओढते आणि पावसाळ्यात पाणीही. कागद भिजला तर तो बदलायचाच. उन्हात वाळवून पुन्हा बसवायचा नाही.

टर्बोचं ऑइल. टर्बो बदलायची घाई करू नका. फिल्टर चोक असला की टर्बोच्या हवेच्या बाजूला ओढ वाढते आणि ती ओढ सीलमधून ऑइल खेचून पाइपात आणते. अशा वेळी टर्बो चांगला असूनही पाइप ओला दिसतो. आधी रबर, फिल्टर आणि पाइप ठीक करा, पाइपातलं ऑइल पुसून काढा, आणि आठ दिवस गाडी चालवून पुन्हा बघा. त्याच वेळी इंजिन थंड असताना टर्बोच्या पात्याचा मधला दांडा बोटांनी आडवा-उभा हलवून बघा. बाजूला किंचित खेळ असतोच, पण पाती घराला घासत असतील, किंवा दांडा पुढे-मागे हलताना हाताला जाणवत असेल, किंवा पात्यांच्या कडा खाल्लेल्या असतील, तर मिस्त्रीचं खरं आहे.

जुन्या टिपरचं इंजिन कितपत गेलंय हे खोलायच्या आधी जाणून घ्यायचं असेल तर पुढच्या वेळी ऑइल बदलताना, गरम असतानाच, स्वच्छ बाटलीत नमुना घ्या आणि ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. बऱ्याच ऑइल कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना ही सोय देतात, तुमच्या डीलरला विचारा. अहवालात सिलिकॉन बघायचं. सिलिकॉन वाढलेलं आणि सोबत लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियम वाढलेलं, तर धूळ आत जाते आहे. इंजिन नुकतंच जोडलं असेल तर जोडाला लावलेल्या लुकणामुळेही सिलिकॉन दिसतं, पण नुसत्या लुकणाने सोबतचे धातू वाढत नाहीत. दोन्ही गाड्यांचे नमुने एकाच वेळी दिलेत तर तुलना सोपी जाते.

दोन्ही गाड्यांना एकच फिल्टर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. नाही. बसला तरी नाही. बीएस-6 गाडीला पुस्तकात जो नंबर दिलाय तोच घाला. तिच्या सायलेन्सरच्या बाजूला काजळी अडवणारी आणि धूर साफ करणारी सगळी महागडी यंत्रणा आहे. हवा कमी पडली की काजळी जास्त होते, ती यंत्रणा लवकर भरते, आणि त्याचा खर्च फिल्टरच्या पैशांत मोजता येत नाही.

फिल्टर बदलायचा असेल तेव्हा गाडी वॉशिंगला नेऊन आणल्यावर बदला, खाणीच्या लाइनीत उभं राहून नाही. इंजिन बंद. मोठा फिल्टर हलक्या हाताने फिरवत काढा, आपटू नका. डब्याच्या आतली सील बसायची जागा ओल्या, पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा. छोटा फिल्टरही बदलायचा असेल तर तो काढल्याबरोबर आतल्या पाइपाच्या तोंडाला स्वच्छ कापड लावा आणि नवा बसवताना ते आठवणीने काढा. जुन्या फिल्टरची सील बघायला विसरू नका. तिच्यावर गोल, सलग, स्वच्छ खूण दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी धुळीची रेघ सील ओलांडून आत गेलेली दिसली, तर नवा फिल्टरही तिथूनच धूळ सोडेल. डब्याचा काठ वाकलाय किंवा क्लिप ढिली आहे.

पैशांचं म्हणाल तर क्रम असा ठेवा. आज डब्याखालचं रबर आणि इंडिकेटर. या आठवड्यात रबरी पाइप आणि क्लिपा, गरज पडली तर. त्याबरोबरच जुन्या टिपरला मोठा आणि छोटा, दोन्ही फिल्टर चांगल्या नावाचे, डीलरकडून, कारण आता जो आहे तो हवा मारून मारून खराब झालाय. टर्बो आणि इंजिनाचा निर्णय महिनाभर थांबवा. ऑइल किती खातं ते रोज वहीत लिहा. धूळ थांबल्यावर ऑइल खाणं तिथेच टिकून राहिलं तर गाडी पुढचा हंगाम काढेल, वाढतच गेलं तर रिंगा गेल्या आहेत असं समजून तयारी करा.

ड्रायव्हरवर रागावू नका. तो मनापासून काळजी घेत होता, त्याला तसंच शिकवलेलं होतं. त्याला डब्याजवळ उभं करून तो बोळा त्याच्याच हाताने काढायला सांगा आणि डब्यातून किती धूळ पडते ते दोघांनी मिळून बघा. मग नवा फिल्टर बसवलेल्या दिवसाची तारीख आणि किलोमीटर झाकणावर ऑइल पेंटने लिहा. पुढचा फिल्टर किती दिवसांनी लाल झाला ते मला नक्की कळवा. पंधरा दिवसांच्या आत झाला तर डब्याचे फोटो पाठवा, विशेषतः हवा शिरते त्या तोंडाचा आणि आतल्या पात्यांचा. मग तिथे काय बिघडलंय ते आपण मिळून शोधू.